नाशिकमध्ये दवाखाना टाकताय? बोर्ड लावण्याआधीची आणि नंतरची कामं

एमबीबीएस किंवा एमडी मेडिसिन झालं, एखाद्या हॉस्पिटलात आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, म्हणून काही वर्षं काढली आणि आता नाशिकमध्ये स्वतःची ओपीडी सुरू करायची आहे, अशा डॉक्टरांसाठी हे लिहितोय. खाटांचं हॉस्पिटल काढणाऱ्यांचं गणित वेगळं असतं, त्यांना यातलं थोडंच कामाला येईल. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या मंडळींनी परिषद आणि औषधांचे नियम आपापले बघावेत. बाकीचं सारखंच.

आधी परिस्थिती समजून घ्या. राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठच ज्या शहरात, म्हसरूळला आहे, तिथे डॉक्टरांचा तुटवडा असेल असं समजू नका. आधीच्या पिढीतल्या फॅमिली डॉक्टरला घरातलं लग्नसुद्धा विचारून ठरायचं. आता डोकं दुखलं की माणूस थेट न्यूरोवाल्याकडे जातो, छातीत जळजळलं की कार्डिओकडे. मोठ्या हॉस्पिटलांची स्वतःची ओपीडी असते, विम्याचं काउंटर असतं, चेकअपचं पॅकेज असतं. औषधं घरपोच येतात आणि रक्ताचा नमुना घ्यायला माणूस दारात येतो. मग छोट्या दवाखान्याकडे उरतं काय? एक ताप-खोकला-जुलाब, आणि दुसरं बीपी, साखर, थायरॉईड, दमा. पहिला पेशंट एकदा येतो आणि बरा होऊन जातो. दुसरा टिकला तर वीस वर्षं टिकतो, वर घरातल्या चार जणांना घेऊन येतो. दवाखाना चालतो तो याच्यावर. नवे डॉक्टर मात्र सगळी ताकद आणि पैसा नवीन माणूस दारात आणण्यावर घालवतात, आणि आलेला परत का येत नाही हे बघायला कोणालाच वेळ नसतो.

१. पदवी बोर्डावर जाण्याआधी परिषदेत जाऊ द्या

महाराष्ट्र वैद्यक परिषदेची, म्हणजे एमएमसीची, नोंदणी असेलच. तिची मुदत बघा. नोंदणी पाच वर्षांची असते आणि नूतनीकरणाला त्या काळात ३० क्रेडिट तास जमवावे लागतात. हे तास सीएमईत, म्हणजे डॉक्टरांच्या सततच्या शिक्षणाच्या कार्यक्रमांत, मिळतात, पण आरएमओगिरीत तिथे जायला कोणाला फुरसत असते? मग शेवटच्या महिन्यात धावपळ होते. आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेच्या नाशिक शाखेचे आणि वैद्यकीय महाविद्यालयांचे कार्यक्रम होत असतात, तिथे जात राहा. गुण मिळतातच, शिवाय पुढे ज्यांना तुम्ही पेशंट पाठवणार आणि जे तुम्हाला पाठवणार, ती माणसं तिथेच भेटतात.

एमडी किंवा डिप्लोमा झाला असेल तर ती वाढीव पदवी परिषदेत नोंदवून घ्या. नोंद होईपर्यंत ती बोर्डावर आणि लेटरहेडवर नको. सहा महिन्यांच्या ऑनलाइन कोर्सवर 'मधुमेहतज्ज्ञ' लिहिणारे बोर्ड शहरात दिसतात, त्यांचं बघून शिकू नका. शिक्षण आणि नोंदणी दुसऱ्या राज्यातली असेल, तर इथे बसण्याआधी एमएमसीची नोंदणी करा.

व्यावसायिक नुकसानभरपाईचा विमा, ज्याला आपण इन्डेम्निटी म्हणतो, तो पहिल्या दिवसापासून हवा. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवेला ग्राहक कायद्याखाली आणलं, तेव्हापासून तो चैनीचा भाग राहिलेला नाही. यातली एक खुबी एजंट सांगत नाही. या पॉलिसीत दावा कधी दाखल झाला याला महत्त्व असतं. पॉलिसीत खंड पडला तर आधीच्या वर्षांत तपासलेल्या पेशंटचं संरक्षणही जाऊ शकतं. त्यामुळे नूतनीकरणाची तारीख चुकवू नका, आणि कंपनी बदलताना पहिल्या पॉलिसीपासूनचं जुनं संरक्षण पुढे चालू राहील हे लेखी घ्या.

२. जागा: शहर एक, पेशंट सहा प्रकारचे

जागा बघताना लोक भाडं विचारतात. आधी त्या भागातला माणूस कधी मोकळा असतो ते विचारा.

सातपूर, अंबड आणि सिडकोचा मोठा भाग कंपनीच्या पाळ्यांवर चालतो. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत, असतो. त्याला औषध फुकट मिळतं आणि आजारपणाच्या रजेचा दाखलाही तिथलाच चालतो. तरी तो संध्याकाळी तुमच्याकडे येतो, कारण तिथल्या रांगेत उभं राहायला खाडा पडतो. इथे सकाळी दहा ते एक बसून माश्या माराल. रात्री साडेनऊपर्यंत दिवा चालू ठेवलात तर दवाखाना चालेल. हिंदी बोलणारा पेशंट इथे भरपूर.

इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गोविंदनगर इथे फ्लॅटमधली तरुण कुटुंबं आहेत, नवरा-बायको दोघंही नोकरीला. त्यांना फोनवर वेळ हवी असते आणि वाट बघायला आवडत नाही. गंगापूर रोड, कॉलेज रोड, महात्मानगर इथे निवृत्त मंडळी बरीच, मुलं पुण्यात किंवा परदेशात. हाच दीर्घ आजारांचा पेशंट, पण तिथलं भाडं आणि तिथली स्पेशालिस्टांची गर्दी दोन्ही पेलवायला हवं. नाशिकरोड, जेलरोड, उपनगर हे जवळजवळ वेगळं गाव आहे. तिथला माणूस तपासायला शहरात येत नाही आणि शहरातला तिकडे जात नाही. पंचवटी आणि जुन्या नाशकात घराघराचा डॉक्टर पिढीजात ठरलेला. तिथे नव्याला वेळ लागतो, पण एकदा वाड्यात शिरलात की बाहेर कोणी काढत नाही. पंचवटीत जागा घेताना २०२६-२७ च्या सिंहस्थाचा विचार करा. पर्वणीच्या दिवसांत रस्ते बंद असतात आणि नेहमीचा पेशंट घराबाहेर पडत नाही.

एमडी फिजिशियन असाल आणि ग्रामीण पेशंटवर भिस्त असेल, तर सीबीएस, ठक्कर बाजार, शालिमार, मुंबई नाका हा पट्टा बघा. पेठ, सुरगाणा, दिंडोरी, निफाडहून एसटीने येणाऱ्याला स्टँडपासून चालत जाता आलं पाहिजे आणि रिपोर्ट घेऊन परतीची गाडी मिळाली पाहिजे. या पेशंटसाठी दुपारची ओपीडी ठेवा. शहरातले बहुतेक दवाखाने तेव्हाच बंद असतात.

आडगाव, गंगापूर गाव, मखमलाबाद अशा वाढत्या कडांना जागा स्वस्त मिळते. तिथे वस्ती आज किती आहे ते संध्याकाळी सातला जाऊन बघा. इमारतींत दिवे किती लागलेत यावरून बिल्डरच्या ब्रोशरपेक्षा जास्त कळतं.

जागेतले नेहमीचे सापळे:

- लिफ्ट नसलेला पहिला मजला. गुडघे दुखणाऱ्या आजी तो एकदाच चढतात.
- अकरा महिन्यांचा करार. दवाखान्याचा पत्ता हीच त्याची पुंजी असते. दोन वर्षांनी मालकाने भाडं दुप्पट मागितलं की तुमच्या हातात काही राहत नाही. तीन ते पाच वर्षांचा करार करा, वार्षिक वाढ आकड्यात लिहून घ्या, आणि मुदतीआधी मालकाला जागा काढून घेता येणार नाही असं कलम टाका. लिव्ह अँड लायसन्सचा करार राज्यात नोंदवावाच लागतो. साध्या स्टॅम्पपेपरवर 'नंतर बघू' म्हणणारा मालक सोडून द्या.
- निवासी सोसायटीतला गाळा किंवा फ्लॅट. सोसायटीची लेखी परवानगी आधी, रंगकाम नंतर. पार्किंग आणि जिन्यातल्या चपला यांवरून होणारी भांडणं तुम्हाला वाटतात त्यापेक्षा लांबतात.
- स्वच्छतागृह नसलेला गाळा. लघवीचा नमुना कुठे घेणार? आणि मधुमेही पेशंट तासभर बसणार कसा?

३. परवाने, आणि त्यातला कचऱ्याचा

फक्त ओपीडी असेल तर १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याची नोंदणी लागत नाही. रुग्ण दाखल करून घ्यायला लागलात की लागते. 'एकच तर कॉट आहे, रात्रभर सलाईन लावून ठेवू' हा मोह टाळा.

जैववैद्यकीय कचऱ्याचं मात्र टाळता येत नाही. २०१६ च्या नियमांनुसार एका खुर्चीच्या दवाखान्यालाही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अधिकारपत्र हवं. अर्ज ऑनलाइन करायचा. मंडळाचं प्रादेशिक कार्यालय सातपूरला आयटीआयजवळच्या उद्योग भवनात आहे. खाटा नसलेल्या दवाखान्याला हे अधिकारपत्र एकदाच घ्यावं लागतं. त्याआधी सामायिक कचरा प्रक्रिया केंद्राशी करार करा, त्यांची गाडी येऊन पिशव्या नेते. पिवळ्यात रक्त लागलेला कापूस, ड्रेसिंग आणि मुदत संपलेली औषधं. लाल पिशवीत सलाईनचे सेट, सुईविना सिरिंज, हातमोजे. सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात सुया आणि ब्लेड. निळ्यात काचेच्या बाटल्या, अँप्युल. दरवर्षी ३० जूनच्या आत वार्षिक अहवाल भरायचा असतो आणि बहुतेक जण विसरतात तो हाच. रोजची नोंदवही कंपाउंडरवर सोपवा, पण आठवड्याला स्वतः चाळा. सुई साध्या कचऱ्यात गेली आणि घंटागाडीवरच्या माणसाच्या हाताला टोचली, तर त्याचं उत्तर तुमच्याकडे नसेल.

बाकीचे पटकन सांगतो. दुकाने व आस्थापना कायद्याखाली कमी माणसांच्या दवाखान्याला ऑनलाइन सूचना पुरते. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. तपासणी आणि उपचारांवर जीएसटी नाही. सौंदर्यासाठीचे उपचार करणार असाल तर सीएला विचारा. सोनोग्राफी किंवा टूडी इको ठेवणार असाल तर मशीन घेण्याआधी पीसीपीएनडीटीची, म्हणजे गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखालची, नोंदणी हवी. यात ढिलाई झाली तर मशीनला सील लागतं आणि नाव वर्तमानपत्रात येतं. स्वतःच्या पेशंटला जवळची औषधं देता येतात, त्यासाठी वेगळा विक्री परवाना लागत नाही. पण खरेदीची बिलं जपून ठेवा आणि दुकानासारखी येणाऱ्या-जाणाऱ्याला विक्री करू नका.

हे सगळं 'करून देतो' म्हणणारे एजंट भेटतील. अर्ज एकदा स्वतः भरा. पासवर्ड आणि मोबाइल नंबर एजंटचा राहिला तर पुढच्या वेळी पुन्हा त्याच्याच दारात जावं लागतं.

४. सामान: आधी जीव वाचवणारं, मग शोभेचं

फर्निचरवाला आणि इंटिरियरवाला तुम्हाला फॉल्स सीलिंग विकतील. त्याआधी हे घ्या: चांगलं बीपीचं यंत्र (मोठ्या दंडाच्या कफसकट), ईसीजी, पल्स ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, नेब्युलायझर, वजनकाटा, ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर, इन्व्हर्टर. आणि एक आपत्कालीन ट्रे: अॅड्रेनॅलिन, हायड्रोकॉर्टिसोन, अॅट्रोपिन, २५ टक्के ग्लुकोज, अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, अॅटोरव्हॅस्टॅटिन. महिन्याच्या पहिल्या तारखेला ट्रेवरच्या मुदती बघा. ईसीजी मशीनचा खर्च पहिल्याच वर्षी वसूल होईल असं नाही, पण 'गॅस झालाय' म्हणत आलेल्या माणसाचा हार्टअटॅक एकदा वेळेत ओळखलात की ती बातमी त्याच्या गल्लीत तुमच्याआधी पोचते.

लिपिड, थायरॉईडची टेबलवरची यंत्रं, बॉडी फॅट अॅनालायझर हे सगळं दुसऱ्या वर्षी.

५. फी आणि रिपोर्ट दाखवण्याचा वाद

फीचा फलक लावणं डॉक्टरांच्या आचारसंहितेतच सांगितलंय, आणि सोयीचंही आहे. आजूबाजूच्या दोन-तीन दवाखान्यांत किती घेतात ते विचारा आणि साधारण त्याच पातळीवर राहा. मुद्दाम कमी फी ठेवून सुरुवात करणारे पुढे वाढवताना अडकतात, कारण ज्यांनी तुम्हाला स्वस्त म्हणून निवडलं ते स्वस्तासाठीच सोडतात.

भांडण होतं ते 'नुसता रिपोर्ट दाखवायचा होता, परत फी कसली?' यावरून. माझा नियम सोपा आहे आणि तो फलकावर लिहिलेला आहे: मी सांगितलेल्या तपासणीचा रिपोर्ट सात दिवसांत दाखवला तर फी नाही, त्यानंतर किंवा नवीन तक्रार असेल तर आहे. नियम तुमचा वेगळा असू द्या, पण तो लिहिलेला हवा आणि रिसेप्शनिस्टने केसपेपर काढतानाच सांगायला हवा. पेशंट खुर्चीतून उठल्यावर सांगितलेली फी नेहमी जास्त वाटते.

यूपीआयचा कोड दवाखान्याच्या खात्याचा ठेवा, घरच्या नको. पावती द्या, तिच्यावर नोंदणी क्रमांक हवा. पैसे नसलेल्याला परत पाठवू नका, पण उधारीची वहीही ठेवू नका. वहीत नाव गेलेला पेशंट पैसे देण्याऐवजी डॉक्टर बदलतो.

६. बोर्ड, गूगल आणि शिबिरं

डॉक्टरांच्या जाहिरातीवर बंधनं आहेत. २०२३ साली आलेली नवी नियमावली त्याच महिन्यात स्थगित झाली, त्यामुळे २००२ ची आचारसंहिताच चालू आहे. तिच्यानुसार बोर्डावर नाव, पदवी, विशेष शाखा आणि परिषदेच्या नावासह नोंदणी क्रमांक, एवढंच. अवाढव्य बोर्ड नको. मेडिकलच्या दुकानावर किंवा तुम्ही बसत नाही तिथे बोर्ड लावणंही चालत नाही, आणि चौकातल्या मेडिकलवाल्याचा पहिला आग्रह नेमका त्याचाच असतो. दवाखाना सुरू करताना, जागा बदलताना, रजेवर जाताना आणि परत येताना वर्तमानपत्रात साधं निवेदन देता येतं. ते जरूर द्या. स्थानिक पानावरचं चार ओळींचं निवेदन ज्येष्ठ मंडळी कात्रण काढून ठेवतात.

गूगलवर दवाखान्याची नोंद स्वतः करा. पिन नेमक्या दारावर हवी, वेळा खऱ्या हव्यात. सुट्टीच्या दिवशी 'उघडे आहे' दिसलं आणि पाथर्डी फाट्यावरून रिक्षा करून आलेला माणूस कुलूप बघून गेला, तर तो काय लिहील ते सांगायला नको. प्रतिक्रिया विकत घेऊ नका. सगळे पाच तारे एकाच आठवड्यातले असले की वाचणाऱ्याला कळतं. वाईट प्रतिक्रियेला उत्तर देताना पेशंटचा आजार, तारीख, औषध काहीही लिहू नका, तुमची बाजू कितीही खरी असली तरी. 'कृपया दवाखान्यात येऊन भेटा' एवढं पुरतं.

'मधुमेह मुळापासून बरा' छापाच्या ओळीपासून लांब राहा. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात मधुमेहाचं नाव यादीतच आहे. पेशंटच्या मुलाखतींचे रील, सलाईन लावलेले फोटो, हेही नको.

शिबिरांबद्दल माझं मत जरा कडवट आहे. गणेश मंडळाच्या मांडवात शंभर जणांची साखर फुकट तपासायची, बॅनरवर नगरसेवकाच्या फोटोखाली आपलं नाव, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं कोणीच आठवत नाही. शिबिर करायचंच तर छोटं करा. ज्येष्ठ नागरिक संघात, किंवा सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आणि गोल्फ क्लब मैदानावर चालायला येणाऱ्या एखाद्या गटासमोर, अर्धा तास एकाच विषयावर बोला: बीपीची गोळी बंद का करायची नाही, इन्सुलिनला का घाबरायचं नाही. प्रश्नांना वेळ द्या. ज्याची साखर जास्त निघाली त्याला आकडा कागदावर लिहून द्या आणि त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जायला सांगा. हो, त्याच्याच डॉक्टरांकडे. ज्याला डॉक्टर नाही तो तुमच्याकडे येतो.

७. कट

कट म्हणजे पेशंट पाठवण्याचं कमिशन. याला वेगळा मथळा दिला कारण पहिल्याच महिन्यात विषय येणार. लॅबवाला येईल, 'सर, आपलं काय ते बघून घेऊ' म्हणेल. हॉस्पिटलचा पीआरओ मिठाई घेऊन येईल. शेजारचा मेडिकलवाला भाडं अर्धं देतो म्हणेल, बदल्यात अमुक कंपनीची औषधं लिहायची. पेशंट पाठवण्याबद्दल पैसे देणं आणि घेणं, दोन्ही आचारसंहितेत निषिद्ध आहे. पण नियम बाजूला ठेवून निव्वळ धंद्याचं बोलू. कटचा पैसा शेवटी पेशंटच्या बिलातूनच येतो. हॉस्पिटलात चार दिवस काढून आलेल्या माणसाला कोणीतरी सांगतंच, 'तुमच्या डॉक्टरला यातले इतके गेले.' त्या दिवशी तो पेशंट, त्याचं घर आणि त्याची गल्ली गेली. 'तो डॉक्टर विनाकारण पुढे पाठवत नाही' अशी ओळख व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. एकदा ती झाली की दवाखान्याला दुसऱ्या जाहिरातीची गरज उरत नाही.

पुढे पाठवताना नीट पत्र द्या: तक्रार, तपासणीत काय सापडलं, चालू औषधं, तुमचा प्रश्न काय. स्पेशालिस्टला फोन करा. सिव्हिल, शालिमारजवळचं संदर्भ सेवा रुग्णालय, आडगावचं वैद्यकीय महाविद्यालय, महापालिकेची झाकीर हुसेन आणि बिटको रुग्णालयं यांत कोणत्या वारी कोणती ओपीडी असते ते माहीत ठेवा. खर्च न झेपणाऱ्या पेशंटला योग्य वारी योग्य दारात पाठवणं ही मोठी मदत असते. महात्मा फुले योजनेत कोणती हॉस्पिटलं आहेत, कोणती कागदपत्रं लागतात, याचा एक कागद भिंतीवर लावून टाका.

तुम्ही स्वतः एमडी असाल तर तुमचे पेशंट फॅमिली डॉक्टर पाठवणार. त्यांना भेटवस्तू नको असते, पेशंट परत हवा असतो. प्रत्येकाला उत्तराचं पत्र लिहा: निदान काय, औषध का बदललं, पुढे त्यांनी काय बघायचं. आणि पेशंट खरोखर त्यांच्याकडे परत पाठवा. सातपूर कॉलनीतल्या एखाद्या जुन्या डॉक्टरांना कळलं की नवा फिजिशियन पेशंट पळवत नाही, तर त्यांचे सगळे अवघड पेशंट तुमच्याकडे येतात. त्यांच्या पेशंटसमोर त्यांच्या औषधाला नावं ठेवलीत तर एकही येणार नाही.

८. आलेला पेशंट परत कसा येतो

वेळेपासून सुरुवात. बोर्डावर संध्याकाळी सहा लिहिलं असेल तर सहाला दवाखान्यात असा, बाकावर कोणी नसलं तरी. पहिल्या वर्षात हेच सर्वांत कंटाळवाणं काम आहे. दोनदा येऊन कुलूप बघितलेला माणूस तिसऱ्यांदा येत नाही, आणि तो दोनदा आला होता हे तुम्हाला कळतही नाही.

पेशंट बोलत असताना पहिली दोन मिनिटं मध्ये बोलू नका, फोन उलटा ठेवा. हात लावून तपासा. 'डॉक्टरांनी हातसुद्धा लावला नाही' ही तक्रार नाशिकच्या कुठल्याही भागात, कुठल्याही वयाच्या पेशंटकडून ऐकाल. हाताला गुण आहे असं लोक ज्या डॉक्टरांबद्दल म्हणतात, ते बहुतेक वेळा नीट तपासणारे आणि समजावून सांगणारे असतात.

चिठ्ठी वाचता येईल अशी लिहा, औषधाचं मूळ नाव मोठ्या अक्षरांत, आणि खाली मराठीत सकाळ-दुपार-रात्र, जेवणाआधी की नंतर. सटाणा, कळवणकडचा पेशंट अहिराणीत बोलेल, सुरगाण्याची आजी वेगळीच बोली बोलेल. त्यांच्या शब्दांत तक्रार लिहून घ्या, अर्थ सोबतच्या माणसाकडून खात्री करून घ्या. सुई हवीच म्हणणारे खूप भेटतील. नको असताना देऊ नका, पण 'गरज नाही' म्हणून तोडूही नका. ताप का आलाय, किती दिवस राहील, कोणतं लक्षण दिसलं तर रात्रीसुद्धा हॉस्पिटल गाठायचं, हे सांगितलं की सुईचा हट्ट बऱ्यापैकी कमी होतो. दुसऱ्या दिवशी रिसेप्शनवरून एक फोन करा: 'काल ताप होता, आज कसं आहे?' पावसाळ्यात, डेंग्यू-चिकुनगुन्याच्या दिवसांत, या फोनने पेशंट टिकतो आणि क्वचित जीवही वाचतो.

बीपी आणि साखरेच्या पेशंटसाठी वेगळी नोंद ठेवा, वहीत किंवा साध्या एक्सेलमध्ये. पुढची तारीख, शेवटचं एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लघवीतलं अल्ब्युमिन, डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा, पायांची तपासणी. तारीख उलटून पंधरा दिवस झाले की आठवण द्या. मात्र आठवणीच्या संदेशात आजाराचं नाव नको, मोबाइल घरात कोणीही बघतं. व्हॉट्सअॅपचा ग्रुप तर मुळीच नको. एका पेशंटचा नंबर दुसऱ्याला कशाला?

शेतकरी पेशंटची तारीख त्याच्या पिकाकडे बघून ठरवा. दिंडोरी-निफाडचा द्राक्षवाला ऑक्टोबरमधल्या छाटणीत आणि फेब्रुवारी-मार्चच्या काढणीत येणार नाही. त्याला रागावून उपयोग नाही. काढणीआधी बोलवा, साखर आटोक्यात असेल तर दोन महिन्यांचं औषध लिहा, मध्ये फोनवर बीपीचा आकडा घ्या. द्राक्षाचे पैसे हातात आल्यावर तो स्वतःहून सगळ्या तपासण्या करून घेतो. निफाडच्या थंडीत दम्याचे पेशंट वाढतात. पंप कसा ओढायचा ते दिवाळीच्या आत पुन्हा एकदा करून दाखवा. पंप चुकीचा ओढणारे बहुसंख्य असतात.

फोनवरच्या सल्ल्याला २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांचा आधार आहे. ओळखीच्या पेशंटचा पाठपुरावा फोनवर ठीक, चिठ्ठीवर नोंदणी क्रमांकासह नाव हवं आणि केसपेपरवर नोंद हवी. झोपेच्या आणि तत्सम गोळ्या फोनवर लिहायच्या नाहीत. फोनची वेळ ठरवा, नाहीतर दुपारचं जेवणसुद्धा ओपीडीत होईल.

क्षयरोगाचं निदान झालं तर सरकारच्या निक्षय पोर्टलवर नोंद करणं खासगी डॉक्टरलाही बंधनकारक आहे. पेशंट पळून जाईल म्हणून नोंद टाळणारे आहेत. उलट पेशंटला सरकारी औषधं आणि पोषणाचे पैसे मिळतात, तुम्हालाही नोंदीचं मानधन मिळतं, आणि तपासायला तो तुमच्याकडेच येत राहतो.

९. पहिल्या वर्षाचा पैसा

पहिल्या वर्षाचं भाडं आणि एका माणसाचा पगार बाजूला काढल्याशिवाय सुरू करू नका. मशीनच्या हप्त्यांचा दबाव असला की नको असलेली तपासणी लिहिली जाते, आणि ती पेशंटला कळते. सकाळी एखाद्या हॉस्पिटलात ड्युटी आणि संध्याकाळी आपली ओपीडी, हा मार्ग चांगला. फक्त संध्याकाळची वेळ पाळता येईल अशीच ड्युटी घ्या.

रिसेप्शनला त्याच भागातलं माणूस ठेवा. पेशंटचं नाव, घर, नातं अशा माणसाला माहीत असतं. पण केसपेपरमधलं बाहेर बोलायचं नाही हे पहिल्या दिवशी सांगा, आणि गुपित फोडल्यास काम जाईल हेही. गोंधळ घालणाऱ्या नातेवाइकांसाठी २०१० चा डॉक्टरांवरील हल्लाविरोधी कायदा आहे, त्याचा फलक लावून ठेवा. जवळच्या पोलीस ठाण्याचा नंबर फलकाइतकाच रिसेप्शनच्या फोनमध्ये हवा.

१०. दवाखान्यातल्या फाइलमध्ये काय हवं

- एमएमसी नोंदणी आणि वाढीव पदवीचं प्रमाणपत्र, नूतनीकरणाच्या तारखेसह
- नोंदवलेला भाडेकरार, सोसायटीची परवानगी
- प्रदूषण मंडळाचं अधिकारपत्र, कचरा केंद्राचा करार, रोजची वही, वार्षिक अहवालाच्या पोचपावत्या
- आस्थापना सूचनेची पावती, व्यवसाय कराचं प्रमाणपत्र, पॅन
- इन्डेम्निटी पॉलिसी, सगळ्या वर्षांची
- औषध खरेदीची बिलं
- अग्निशामक नळकांडं भरल्याची तारीख
- सोनोग्राफी किंवा इकोचं मशीन असेल तर पीसीपीएनडीटीची नोंदणी आणि फॉर्म

मूळ प्रती घरी ठेवा, झेरॉक्सची फाइल दवाखान्यात, आणि स्कॅन फोनमध्ये. फाइल कुठल्या कपाटात आहे हे कंपाउंडरलाही माहीत असू द्या, कारण तपासणीला येणारे तुम्ही व्हिजिटवर असतानाच येतात.